सील बघितलं, फोन बघितलाच नाही

पोस्ट मोठी आहे, पण नवीन किंवा जुना फोन घ्यायच्या विचारात असाल तर पाच मिनिटं काढून वाचा. यात माझी एक चूक आहे, ती आधी सांगतो.

आमच्याकडे गेली आठ वर्षं कामाला येणाऱ्या मावशी आहेत. त्यांचा मुलगा एफवायला आहे, संध्याकाळी पार्सल पोचवायचं काम करतो. गेल्या दिवाळीच्या आधी त्याचा जुना फोन पार गेला. मावशींनी भिशीचे अकरा हजार साठवले होते. मला म्हणाल्या, "दादा, तुम्हाला त्यातलं कळतं, तुम्ही चला सोबत." मला कळतं असं मलाही वाटत होतं. गेलो.

स्टेशनबाहेरच्या गल्लीतलं दुकान. माल सगळा चकाचक. मोठ्या दुकानात साडेबारा हजारांना असलेला फोन इथे साडेअकराला. दुकानदार म्हणाला, "रोख दिलेत आणि बिल नको असेल तर अजून पाचशे कमी करतो. सीलपॅक आहे, बघून घ्या." मी खोका उलटसुलट केला, प्लास्टिक नखाने चाचपलं आणि मावशींना म्हणालो, "घ्या मावशी, बिल घेऊन काय फ्रेम करायचंय का?"

हे वाक्य मी बोललो. आज लिहितानाही लाज वाटतेय.

अडीच महिन्यांनी मुलाला दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातून फोन आला. तुम्ही वापरताय तो हँडसेट चोरीला गेल्याची तक्रार आमच्याकडे आहे, जवळच्या ठाण्यात घेऊन या. मावशींचा चेहरा मला अजून आठवतो. आधी आमच्याच घरी आल्या, हातात तो खोका. म्हणाल्या, "दादा, पोराचं नाव पोलिसात गेलं."

ठाण्यातले हवालदार सज्जन निघाले, आवाजसुद्धा चढवला नाही. त्यांनी फोन हातात घेतला, डायल पॅडवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं. स्क्रीनवर दोन लांबलचक आकडे आले. मग खोक्यावरचं स्टिकर शेजारी धरलं. म्हणाले, "बघा, शेवटचे आकडे वेगळे. खोका एकाचा, फोन दुसऱ्याचा." झालं. सगळी तपासणी दहा सेकंदांची. तेवढी दहा सेकंदं मी दुकानात काढली असती, तर मावशींचे अकरा हजार वाचले असते.

फोन मूळ मालकिणीला परत गेला. ती एका दवाखान्यात आया आहे असं कळलं. गाडीत चढताना तिच्या हातून हिसकावला होता. म्हणजे चोरी झाली एका कष्टकरी बाईच्या घरी आणि भुर्दंड पडला दुसऱ्या कष्टकरी बाईच्या घरी. मधल्या मध्ये ज्याने कमावलं, तो "मी हा फोन विकलाच नाही" म्हणून मोकळा. त्याने विकला याचा पुरावा काय? बिल नाही, रोख दिलेले. आणि बिल नको म्हणणारा शहाणा मी.

आता मुद्द्यावर येतो. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलोय. दोन गोष्टी कळल्या. एक, फोन तपासायची साधनं आपल्या हातात आहेत आणि फुकट आहेत. दोन, ती वापरायची सगळी जबाबदारी ज्याला सगळ्यात कमी माहिती आहे त्या गिऱ्हाइकावर टाकलेली आहे. पहिली गोष्ट उपयोगाची आहे म्हणून सांगतो. दुसरी चुकीची आहे, त्यावर माझं मत शेवटी.

फोन घेताना आपण "ओरिजिनल आहे ना?" एवढंच विचारतो. खरं तर प्रश्न तीन आहेत. फोन असली आहे का? नवा आहे का? आणि चोरीचा तर नाही ना? तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. सील यातल्या एकाचंही उत्तर देत नाही. प्लास्टिक गुंडाळायला गरम हवेचं एक मशीन पुरतं. आयफोनच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लास्टिक तर कंपनीने २०२१ पासून काढूनच टाकलंय, आता मागे कागदाच्या फाडायच्या पट्ट्या असतात. अलीकडच्या मॉडेलचा आयफोन कोणी प्लास्टिकात गुंडाळून "सीलपॅक" म्हणून देत असेल, तर ते सील कुणी मारलं हा पहिला प्रश्न.

आधी चोरीचा प्रश्न, कारण त्याचे परिणाम सगळ्यात वाईट. प्रत्येक फोनला पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन. पहिल्या आठ आकड्यांवरून मॉडेल कळतं, शेवटचा आकडा आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेला असतो. हा क्रमांक चार ठिकाणी जुळला पाहिजे: खोक्यावर, *#०६# दाबल्यावर स्क्रीनवर, सेटिंगमधल्या "अबाउट फोन"मध्ये आणि बिलावर. एक आकडा जरी वेगळा असला तरी फोन परत द्या. "प्रिंटिंग मिस्टेक असेल" हे ऐकून घेऊ नका.

क्रमांक जुळला की सरकारकडे विचारायचं. मेसेजमध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून आयएमईआय, आणि १४४२२ या नंबरवर पाठवा. हेच संचार साथी पोर्टलवर आणि अॅपवरही होतं. उत्तरात कंपनीचं नाव आणि मॉडेल येतं, क्रमांकाची स्थितीही कळते. काळ्या यादीत आहे, डुप्लिकेट आहे किंवा आधीच वापरात आहे असं आलं, तर तो फोन घेऊ नका असं दूरसंचार विभागच सांगतो.

इथे एक खाच आहे. क्रमांक वैध आहे असं उत्तर आलं म्हणजे हातातला फोन चांगला, असं नाही. नकली फोनमध्ये दुसऱ्या असली फोनचा क्रमांक घालतात. त्यामुळे उत्तरात आलेलं मॉडेल आणि हातातलं मॉडेल एकच आहे का, ते बघा. ही नक्कल किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकते? २०२० साली मेरठमध्ये एका पोलीस अधिकाऱ्याच्याच दुरुस्तीला दिलेल्या फोनवरून तपास सुरू झाला, तेव्हा एकाच आयएमईआयवर तेरा हजारांहून जास्त फोन चालू असल्याचं आढळलं. ज्या क्रमांकाने एक फोन ओळखायचा, त्यावर अख्खं गाव.

दुसरा प्रश्न, असली आहे का. अँड्रॉइड फोन असेल तर दुकानातच प्ले स्टोअर उघडा, सेटिंग, मग अबाउट. तिथे प्ले प्रोटेक्टचं प्रमाणपत्र दिसतं. "डिव्हाइस सर्टिफाइड आहे" असं नसेल तर थांबा. नकली फोनमध्ये २५६ जीबी लिहिलेलं असतं आणि आत त्याच्या पावपट मेमरी निघते. सेटिंगमधला आकडासुद्धा खोटा दाखवता येतो. म्हणून कॅमेऱ्याने एक मोठा व्हिडिओ काढून बघा, दोन-चार अॅप टाकून बघा. नकली फोन कामाला लावला की त्याची दमछाक लगेच दिसते. खोक्यावरचं लेबलही वाचा. उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, ग्राहक तक्रारीचा नंबर हे सगळं कायद्याने छापावंच लागतं. परदेशातून बॅगेत आलेल्या फोनच्या खोक्यावर भारतातला एमआरपी नसतो, आणि मग इथल्या वॉरंटीचाही भरवसा नसतो.

तिसरा प्रश्न, नवा आहे का. यात शिकलेली, पगारदार माणसंही फसतात. फोन असली असतो, चोरीचाही नसतो, फक्त आधी कुणीतरी वापरलेला असतो. परत आलेला, दुरुस्त केलेला, शोकेसमध्ये सहा महिने चालू ठेवलेला. कधीकधी दुकानदाराने कंपनीची स्कीम पदरात पाडायला आधीच चालू करून ठेवलेला. कंपनीच्या वेबसाइटवर आयएमईआय किंवा सिरियल नंबर टाका, वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते बघा. तुम्ही आज घेताय आणि वॉरंटी तीन महिन्यांपूर्वी सुरू झालीय, तर तो फोन नवा नाही आणि त्याला नव्याची किंमतही नाही.

आयफोनमध्ये आणखी एक खूण असते. सेटिंगमधल्या मॉडेल नंबरचं पहिलं अक्षर एम असेल तर नवा म्हणून विकलेला, एफ असेल तर कंपनीने दुरुस्त करून पुन्हा विकलेला, एन असेल तर कुणाला तरी बदलून दिलेला. आयफोन १२ आणि पुढच्या मॉडेलमध्ये पार्ट बदलले असतील तर "अबाउट"मध्ये तशी नोंद दिसते. १५ पासून पुढे बॅटरी किती वेळा चार्ज झालीय हेही दिसतं. नव्या फोनची बॅटरी शंभर वेळा चार्ज झालेली नसते, एवढं कळायला इंजिनिअर व्हायला नको.

जुना फोन घेण्यात काहीच वाईट नाही, हेही सांगतो. आपल्यापैकी निम्म्या घरांत पहिला स्मार्टफोन तसाच आला. पण जुना म्हणून घ्या, जुन्याच्या भावात घ्या. विकणाऱ्याकडून मूळ बिल मागा, नसेल तर त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि "अमुक आयएमईआयचा फोन अमुक रकमेला विकला" असं सहीनिशी लिहून घ्या. त्याचं गूगल किंवा अॅपल खातं तुमच्यासमोर काढायला लावा, नाहीतर घरी आल्यावर फोनची वीट होईल. ओळखीतला माणूस असला तरी घ्या लिहून. व्यवहारात संकोच कसला?

आता बिलाबद्दल, कारण माझी चूक तिथे झाली. मोबाइलवर एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. बारा हजारांच्या फोनमध्ये साधारण अठराशे तीस रुपये कर असतो. तुम्ही म्हणाल, दुकानदार कर वाचवतो, थोडा आपल्याला देतो, बिघडलं कुठे? नीट विचार करा. ज्या दुकानदाराने माल कंपनीच्या वितरकाकडून बिलावर घेतलाय, त्याने खरेदीवर कर भरलेला असतो आणि तो विक्रीच्या करातून वजा होतो. त्याला कर बसतो तो फक्त स्वतःच्या नफ्यावर, आणि मोबाइलमध्ये नफा किती असतो ते कुठल्याही दुकानदाराला विचारा. म्हणजे बिलाशिवाय विकून त्याचं फारसं काही वाचत नाही. बिल नको म्हटल्यावर जो हसत पाचशे सोडतो, त्याच्याकडे तो माल बिलावर आलेलाच नाही, अशी शंका घ्यायला जागा आहे. पाचशेची सूट हीच धोक्याची घंटा होती, आणि ती मला सवलत वाटली.

बिलावर आयएमईआय लिहिलेला हवा. पैसे शक्यतो यूपीआयने, दुकानाच्या खात्यावर. खोका दुकानातच उघडायचा. ऑनलाइन मागवला असेल तर पार्सल फोडण्यापासून फोन चालू होईपर्यंत एकाच सलग व्हिडिओत घ्यायचं. फसलातच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. वकील लावायलाच पाहिजे असंही नाही. पण तिथे पहिला प्रश्न एकच विचारतात: बिल कुठंय?

आता माझं मत.

हे सगळं वाचताना तुमच्या मनात आलं असेल की एवढं सगळं लक्षात कोण ठेवणार? बरोबर आहे. मावशींनी कसं ठेवायचं? त्यांना इंग्रजी अक्षरांत मेसेज टाइप करता येत नाही. उत्तर आलं तर त्यातला "ब्लॅकलिस्टेड" हा शब्द कळणार नाही. आणि फोन ही काही आता चैन राहिलेली नाही. लाडकी बहीणच्या ई-केवायसीचा ओटीपी त्यावर येतो, रेशनचं काम त्यावर होतं, पोराची ऑर्डर त्यावर येते. तो फोन गेल्यानंतर आठ दिवस मुलाला काम करता आलं नाही. म्हणजे किमतीच्या अकरा हजारांवर बुडालेली रोजंदारी वेगळी.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. मुंबईवरच्या २६/११ नंतर आयएमईआय नसलेल्या फोनची सेवा डिसेंबर २००९ पासून बंद झाली. जुन्या वाचकांना आठवत असेल, तेव्हा १९९ रुपये भरून चायना फोनमध्ये आयएमईआय टाकून मिळत होता. चोरीचे फोन बंद करणारी सीईआयआर यंत्रणा २०१९ साली सुरुवातीला ज्या भागांत आली त्यांत आपला महाराष्ट्र आणि गोवाही होता. मे २०२३ मध्ये ती देशभर झाली. त्या आया बाईंना फोन परत मिळाला तो याच यंत्रणेमुळे, हे मान्यच केलं पाहिजे. आयएमईआयमध्ये फेरफार करणाऱ्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. २०२५ साली नियम बदलून जुन्या फोनचा धंदा करणाऱ्यांनी सरकारी यादीत तपासूनच व्यवहार करायचा, असंही आलं.

पण बघा, मावशींना तो फोन जुना म्हणून विकलाच नव्हता. नवा म्हणून विकला होता. नव्याच्या काउंटरवर तपासायचं कोणी? पुन्हा गिऱ्हाइकानेच.

मग २८ नोव्हेंबर २०२५ ला आदेश निघाला की प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी अॅप आधीच टाकलेलं हवं. देशभर ओरड झाली, ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. मी तेव्हाही सक्तीच्या विरोधात होतो, आजही आहे. माझ्या फोनमध्ये काय असावं ते मी ठरवणार. आणि दुसरं असं की, फोन विकत घेऊन घरी आणल्यावर त्यातल्या अॅपने सांगायचं की हा चोरीचा आहे? तोवर पैसे गेलेले असतात! तपासणी पैसे देण्याआधी व्हायला हवी, आणि विकणाऱ्याने करायला हवी.

हे अशक्य आहे का? सोन्याचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी सक्तीचा झाला. आपली आजी सोनाराच्या शब्दावर दागिना घ्यायची, आपण क्रमांक बघून घेतो. तिथे मोठ्या अवघड, जुन्या बाजाराला शिस्त लावता आली. इथे तर क्रमांक आधीच आहे, यादी आधीच आहे, मेसेजची सोय आधीच आहे. फक्त शेवटचं पाऊल राहिलंय.

माझी मागणी साधी आहे. फोन नवा असो वा जुना, विक्रीच्या बिलावर दोन ओळी सक्तीच्या करा: आयएमईआय, आणि त्याच दिवशी सरकारी यादीत तपासल्याचा निकाल. बिल करणाऱ्या सॉफ्टवेअरला हे काही अवघड नाही. प्रत्येक मोबाइलच्या दुकानात दर्शनी भागात मराठीत एक पाटी लावा, १४४२२ वर कसं तपासायचं याची. मेसेजचं उत्तर मराठीत द्या. आणि ज्याने बिलावर, चांगल्या हेतूने फोन घेतला आणि तो नंतर चोरीचा निघाला, त्याला दुकानदाराकडून पैसे परत मिळायची सरळ वाट ठेवा. त्याला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावू नका.

काही दुकानदार मित्र म्हणतील, आमच्यावर अजून एक ओझं. मला त्यांचं म्हणणं कळतं. आमच्या कॉलनीतला मोबाइलवाला स्वतः एकदा एक्स्चेंजमध्ये चोरीचा फोन घेऊन अडकला होता. पण म्हणूनच सांगतो, ही तपासणी सगळ्यात आधी प्रामाणिक दुकानदाराला वाचवेल. गल्लीतला तो पाचशे कमी करणारा आज त्याचंच गिऱ्हाईक पळवतोय.

मावशींचं पुढे काय झालं, असं विचाराल. आम्ही त्यांना दुसरा फोन घेऊन दिला, त्या नको म्हणत होत्या तरी. यात माझा मोठेपणा काही नाही, सल्ला माझा होता. या वेळी दुकानात मावशी स्वतः पुढे झाल्या. दुकानदाराने खोका पुढे सरकवला, तशा म्हणाल्या, "आधी ते स्टार हॅश दाबून दाखवा." मग खोक्यावरचा एकेक आकडा बोट ठेवून स्क्रीनशी जुळवला, दोन्ही क्रमांक, तीस आकडे. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती. दुकानदार कंटाळला होता. मावशी अजिबात हलल्या नाहीत. शेवटचा आकडा जुळल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता बिल करायला सांगा, दादा."

ही पोस्ट कॉपी करून फिरवली तरी चालेल, माझं नाव नसलं तरी चालेल. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, वॉचमन काका, गावाकडचा भाऊ, कोणी फोन घेणार असेल तर एवढं तरी सांगा: *#०६#, १४४२२, आणि बिल.

आणि तुमच्यासोबत किंवा ओळखीत कोणासोबत असं झालं असेल तर खाली लिहा. माणसाचं नाव नको, काय झालं तेवढं लिहा. दुसऱ्या कोणाचे तरी पैसे वाचतील.